नुसतं कानावर पडून भाषा कळत नाही

‘रोज ऐकत राहा, कान आपोआप तयार होतील’ हा सल्ला परकी भाषा शिकणाऱ्याला हमखास मिळतो. तो अर्धवट आहे. त्यापायी कितीतरी जण स्वतःलाच मठ्ठ समजून भाषा सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाचे लॅरी व्हँडरग्रिफ्ट यांनी हे तपासून पाहिलं. २०१० साली एका सहकाऱ्यासोबत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फ्रेंच शिकणाऱ्या १०६ विद्यार्थ्यांचे दोन गट होते. दोन्ही गटांनी तेच उतारे तितक्याच वेळा ऐकले. पण एका गटाने आधी काय कानावर येईल याचा अंदाज बांधला, ऐकल्यावर तो शेजाऱ्याशी पडताळला आणि कुठे अडलं ते हेरून पुन्हा ऐकलं. सत्राअखेरीस हाच गट पुढे होता, आणि त्यातही कच्च्या विद्यार्थ्यांनी जास्त मजल मारली.

अडतं कुठे? पुस्तकातलं ‘जे न से पा’, म्हणजे ‘मला माहीत नाही’, भरभर बोलताना ‘शे पा’ एवढंच उरतं. शब्द ओळखीचे, तरी कान फसतो. अशा वेळी पुढचे दहा उतारे ऐकण्यापेक्षा तिथेच थांबा, लिहिलेलं वाक्य समोर ठेवा आणि तेवढाच तुकडा पुन्हा ऐका.