शहाळ्याच्या पाण्याचा आरोग्यदायी लौकिक : पार्श्वभूमी

शहाळ्याचे पाणी म्हणजे ‘नैसर्गिक सलाईन’, असे आज सर्रास लिहिले जाते. या विधानामागे खऱ्या घटना आहेत. मात्र त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष बराच सैल आहे.

नारळ प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर अशा दोन परिसरांत स्वतंत्रपणे लागवडीखाली आला असावा, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसून आले. लांबट, जाड सोडणाचे आणि समुद्रात दीर्घकाळ तरंगणारे फळ हे मूळ रूपाच्या जवळचे मानले जाते, तर गोलसर, पातळ सोडणाचे आणि भरपूर पाण्याचे फळ ही माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीची खूण समजली जाते. गोड्या पाण्याची खात्री नसलेल्या दर्यावर्दींना आपोआप बंद झालेल्या या पाण्याचे मोल काय वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको. १५२१ मध्ये मॅगेलनच्या ताफ्याबरोबर फिलिपिन्सला पोहोचलेल्या अंतोनियो पिगाफेत्ताने नारळातील गोड, तरतरी आणणाऱ्या पाण्याची नोंद करून ठेवली आहे. त्याच शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात हे पाणी शीतल, पचायला हलके, तहान भागवणारे आणि मूत्रमार्ग शुद्ध करणारे म्हटले आहे.

नारळ पिकायला सुमारे वर्ष लागते. सहा-सात महिन्यांच्या फळात पाणी भरपूर असते आणि करवंटीच्या आतल्या बाजूला मलईचा पातळ, लिबलिबीत थर धरू लागतो. पुढे हाच थर घट्ट होऊन त्यातील स्निग्धांश वाढतो, म्हणून कोवळी मलई खोबऱ्याच्या मानाने कितीतरी हलकी असते. पाण्यात शंभर मिलिलिटरमागे साधारण वीस कॅलरी, थोडी साखर आणि दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक पोटॅशियम असते. क जीवनसत्त्व मात्र अगदी बेताचे. हे पाणी म्हणजे वाढत्या बीजाचे द्रवरूप अन्न होय. १९४१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ व्हॅन ओव्हरबीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे कोवळे भ्रूण त्यावर वाढवून दाखवले, आणि पुढे वनस्पतीच्या ऊतिसंवर्धनात (टिश्यू कल्चरमध्ये) त्याचा मोठा उपयोग झाला. या पाण्यातील, वाढीला चालना देणाऱ्या द्रव्यांच्या आधारे माणसाच्या तारुण्याविषयी जे दावे होतात, ते या प्रयोगांतून सिद्ध होत नाहीत.

सलाईनची कथा याच दशकातली. न फुटलेल्या, निरोगी फळातील पाणी निर्जंतुक असते, हे लक्षात घेऊन हवाना येथील डॉक्टरांनी ते गाळून लहान मुलांना शिरेवाटे दिल्याचा अहवाल १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५४ मध्ये बेन आइसमन यांनीही अशा वापराचा अभ्यास मांडला आणि २००० साली सॉलोमन बेटांवरील एका रुग्णाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. या सर्व नोंदी नेहमीचे द्रव हाताशी नसतानाच्या तात्पुरत्या उपायाच्या दृष्टीने वाचायला हव्यात. रक्तद्रवात लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल सोडियम आणि चार-पाच मिलिमोल पोटॅशियम असते. शहाळ्याच्या पाण्यात हे प्रमाण नेमके उलटे, म्हणजे पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अत्यल्प. अतिसारात शरीरातून सोडियम मोठ्या प्रमाणात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार क्षारसंजीवनीत (ओआरएस, म्हणजे अतिसारात तोंडावाटे द्यायच्या मीठ-साखरेच्या द्रावणात) ते लिटरमागे ७५ मिलिमोल ठेवलेले असते. त्यामुळे शहाळे हे पेय म्हणून उत्तम असले, तरी क्षारसंजीवनीची जागा घेऊ शकत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना तर हेच पोटॅशियम बाधू शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच शहाळे घ्यावे.

बाजाराने या लौकिकाचा लाभ घेतला तो बराच नंतर. फळ फोडताच हवा आणि जंतू यांमुळे पाण्याची चव बिघडू लागते, आणि टिकवण्यासाठी ते तापवले तर ताजेपणा जातो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००० च्या सुमारास न तापवता, अतिसूक्ष्म गाळणीने जंतू वेगळे करण्याची पद्धत पुढे आणली ती याच अडचणीवर. त्यानंतरच्या काळात बाटलीबंद नारळपाणी खेळाडूंचे पेय म्हणून जगभर खपू लागले, आणि वेष्टनांवरून जुन्या सलाईनच्या कथेची उजळणी सुरू झाली.