जुन्या पिकअप गाड्यांचे शक्तिवर्धन

मालवाहू पिकअप गाडीच्या इंजिनातून कारखान्याने ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक ताकद मिळावी म्हणून डिझेलचे प्रमाण, ते सिलिंडरमध्ये सोडण्याची वेळ, टर्बोचा (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा) दाब किंवा इंजिनाच्या नियंत्रक संगणकातील आज्ञावली बदलण्याच्या कामाला शक्तिवर्धन म्हणतात. विदर्भातील गॅरेजांत जुन्या गाडीसाठी ‘पंप वाढवणे’ आणि अलीकडच्या गाडीसाठी ‘रिमॅप करणे’ असे शब्द चालतात. टाटा २०७ किंवा महिंद्रा बोलेरो पिकअपसारख्या दहा-पंधरा वर्षे चाललेल्या गाड्या येथे कापूस, सोयाबीन, संत्री आणि खताची पोती वाहतात आणि अनेक कुटुंबांची मिळकत त्यांच्यावर उभी असते. त्यामुळे ताकद वाढवल्यावर गाडीचा भरवसा टिकतो का, हा प्रश्न येथे हौसेचा नाही. त्याचे उत्तर दोन गोष्टींवर ठरते: झिजलेल्या इंजिनात किती दम शिल्लक आहे, आणि वाढलेली उष्णता बाहेर टाकण्याची सोय गाडीत आहे की नाही.

यांत्रिक पंपाच्या गाडीत प्रत्येक फवाऱ्याला जास्तीत जास्त किती डिझेल जावे, हे एका स्क्रूने ठरलेले असते आणि तो फिरवला की डिझेल वाढते. मात्र डिझेल जाळण्यास हवा लागते. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी तत्त्वतः सुमारे साडेचौदा किलो हवा पुरते, पण फवारा आणि हवा यांचे मिश्रण कधीच एकसारखे होत नसल्याने, काळा धूर टाळायचा तर प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक हवा द्यावी लागते. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा वाढवण्याचा मार्गच नसतो; म्हणून तेथे पंप वाढवल्याने थोडी ओढ मिळते आणि उरलेले डिझेल काजळी होऊन धुराड्यातून जाते. टर्बो असलेल्या इंजिनात जादा डिझेलमुळे एक्झॉस्टची ऊर्जा वाढते, टर्बो अधिक वेगाने फिरतो आणि हवाही वाढते. त्यामुळे फायदा खरा असतो, पण तो सिलिंडरमधील दाब व तापमान वाढवूनच मिळतो.

कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात, म्हणजे जेथे एकाच सामाईक नळीतून (रेल) उच्च दाबाचे डिझेल सर्व इंजेक्टरांना मिळते तेथे, हे काम ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रक संगणकाकडे असते. आज्ञावली नीट अभ्यासून बदलली तर डिझेल, दाब आणि वेळ यांचा मेळ राखता येतो. बाहेरून जोडायच्या काही स्वस्त पेट्या मात्र रेलच्या दाबाचा संकेतच खोटा करतात; दाब कमी आहे असे समजून ईसीयू तो वाढवतो, आणि ज्या मर्यादेवर त्याने इंजिनाला आवर घालायचा ती मर्यादा त्याला दिसतच नाही. अशी पेटी जुन्या गाडीला लावू नये, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कॉमन रेलच्या इंजेक्टरमधील फटी काही मायक्रॉनच्या असतात, आणि कॅनमधून आणलेल्या, धूळ किंवा पाणी मिसळलेल्या डिझेलने त्या आधीच झिजलेल्या असू शकतात.

विदर्भात सर्वांत निर्णायक बाब उष्णतेची आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३.६ कोटी ज्यूल ऊर्जा असते. तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग इंजिनाच्या कामी येतो आणि उरलेला एक्झॉस्ट, रेडिएटर व ऑइल यांच्यावाटे बाहेर जावा लागतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना रस्ता सुमारे ७०० मीटर चढतो. मालासह ३ टन वजनाची गाडी एवढ्या उंचीवर नेण्यास सुमारे २ कोटी ज्यूल काम करावे लागते, म्हणजे केवळ उंची गाठण्यासाठी दोन लिटरच्या आसपास डिझेल जळते. ताकद वाढवलेली गाडी हाच चढ कमी वेळात चढते. एकूण उष्णता फारशी बदलत नाही, पण दर मिनिटाला बाहेर टाकायची उष्णता वाढते, आणि रेडिएटर, पंखा व पाण्याचा पंप मात्र पूर्वीचेच असतात. मे महिन्यात अकोला, वर्धा किंवा चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. २५ अंशांच्या तुलनेत अशी हवा सुमारे ६ ते ७ टक्के विरळ असते, म्हणजे इंजिनाला हवा कमी आणि रेडिएटरला थंडावा त्याहून कमी. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू आणि धूळ मिळून जाड थर बसतो. वरून जाळी स्वच्छ वाटली, तरी आतली बाजू बंद झालेली असू शकते. हिवाळ्यात ज्या गाडीचा काटा कधी वर गेला नाही, तीच उन्हाळ्यात पंप वाढवल्यावर उकळते, ती यामुळे.

पाण्याचा काटा सगळे सांगत नाही. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि मिश्रधातू त्याआधीच मऊ पडू लागतो. ऑइल, पिस्टनभोवतीच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) पिस्टनची उष्णता खेचून नेतात, म्हणून तो टिकतो. टर्बोच्या आधीचे एक्झॉस्ट वायूचे तापमान ७०० अंशांच्या वर सतत राहू लागले की धोका सुरू झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते दाखवणारा मापक न बसवता केलेले शक्तिवर्धन आंधळे असते, कारण पिस्टनचा माथा जळेपर्यंत चालकाला काही कळत नाही.

कारखाना प्रत्येक भागात काही मोकळीक ठेवतो, आणि वर्षे, धूळ व जादा माल ती मोकळीक खात जातात. रिंगा झिजल्या असतील तर वाढलेल्या दाबाचे वायू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतात, ऑइल काजळीने लवकर काळे व निकामी होते, आणि बेअरिंग व टर्बोपर्यंत तेच ऑइल पोहोचते. हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचे सील) आधी कधी बदलले असेल आणि हेडची पातळी नीट साधली नसेल, तर ते पुन्हा फुटते. क्लच प्लेट घसरू लागते. ती भक्कम घातली तर ताण पुढे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) आणि क्राऊन-पिनियनवर (मागच्या धुरीतील दातेरी चाकांवर) जातो. कमी फेऱ्यांवर उंच गिअरमध्ये मिळवलेली जादा ओढ या भागांना विशेष जाचक असते. ब्रेक तर कोणी वाढवत नाही, ही सर्वांत चिंतेची गोष्ट आहे.

तक्रार बहुधा ‘गाडी पहिल्यासारखी ओढत नाही’ अशी असते. म्हणजे मालकाला हवी असलेली ताकद पुष्कळदा मूळचीच, हरवलेली असते. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टॅपेटचे (व्हॉल्व्हचे) अंतर, नोझलची तपासणी, चाचणीच्या बाकावर (टेस्ट बेंचवर) केलेले पंपाचे कॅलिब्रेशन, टर्बोच्या फाटलेल्या होजपाइपची दुरुस्ती आणि चिकटून राहणारे ब्रेक सोडवणे, एवढ्याने तिचा मोठा भाग परत येतो आणि भरवसा उलट वाढतो. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती सोडली पाहिजे, कारण हिवाळ्यात इंजिन दीर्घकाळ थंडच चालून सिलिंडर अधिक झिजतात. कॉम्प्रेशनची (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याच्या दाबाची) मोजणी चारही सिलिंडरांत जवळपास सारखी आली, रेडिएटर काढून धुतला आणि माल मर्यादेत ठेवला, तर टर्बो असलेल्या निरोगी इंजिनात दहा-पंधरा टक्क्यांच्या आतली वाढ पेलली जाऊ शकते. कॉम्प्रेशन गेलेल्या इंजिनात तेवढीही करू नये. लांब चढ संपल्यावर एक-दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवून मगच बंद करावे, अन्यथा तापलेल्या टर्बोत अडकलेले ऑइल जळून कडक होते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. डिझेल गाड्यांच्या धुराच्या गडदपणाची (प्रकाशशोषण गुणांकाची) मर्यादा भारत स्टेज ४ पूर्वीच्या गाड्यांना प्रति मीटर २.४५ व स्टेज ४ च्या गाड्यांना १.६२ अशी आहे. जादा डिझेल सोडणारी गाडी या तपासणीत नापास होऊ शकते, आणि न कळवलेल्या बदलामुळे विम्याचा दावाही अडू शकतो.

जुनी पिकअप विकत घेताना तिचे शक्तिवर्धन झाले होते का, हे बऱ्याच अंशी ओळखता येते. पंपाच्या स्क्रूवरील सील तुटलेले असणे, धुराड्याच्या तोंडाशी ओलसर काजळीचा जाड थर, आणि इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढल्यास तेथून जोराने येणारा धूर, ही मुख्य लक्षणे होत. गाडी पाहायला जाताना इंजिन थंड असावे असे विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे, कारण पहाटेच्या पहिल्या सुरुवातीला येणारा निळा किंवा पांढरा धूर आणि कमी कॉम्प्रेशनमुळे लागणारे लांबलचक स्टार्टर गरम इंजिनात लपून जातात.