ताऱ्यातले लोह मोजण्याआधी

पौष-माघातल्या निरभ्र रात्री पेडण्याच्या सड्यावरून मृग नक्षत्राकडे मोठी दुर्बीण वळवली, की तिथला तेजोमेघ किंचित हिरवट भासतो. त्याच्या वर्णपटातली 500.7 नॅनोमीटरची ठळक रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी 1927 मध्ये दाखवले. ती देणारी उत्तेजित, म्हणजे अणूत जादा ऊर्जा असलेली, अवस्था सरासरी अर्ध्या मिनिटाहून अधिक टिकते. सोडियमच्या पिवळ्या रेषांची अवस्था मात्र जेमतेम 16 नॅनोसेकंदांत मावळते.

उत्तेजित अणू दर सेकंदाला विशिष्ट रेषेचा प्रकाश टाकून खाली उतरण्याची शक्यता म्हणजे संक्रमण संभाव्यता. ताऱ्याच्या वर्णपटातील क्षीण रेषेची तीव्रता ही अणूंची संख्या आणि ही संभाव्यता यांच्या गुणाकारावर ठरते. दुर्बिणीला कळतो तो गुणाकारच. संभाव्यता निम्मी धरली, तर अणू दुप्पट भरतात आणि दुर्बीण कितीही मोठी आणली तरी ही चूक निघत नाही.

लोहाच्या बाबतीत अशीच चूक, पण उलट दिशेने, घडली. 1960 च्या दशकात सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावरील लोह, सूर्याच्याच मूळ द्रव्यातून घडलेल्या उल्कापाषाणांतल्या लोहाच्या सुमारे एक दशांशच भरत होते, आणि सूर्याबद्दल नाना तर्क लढवले गेले. दोष सूर्याचा नव्हताच. विद्युतज्योतीत धातू जाळून काढलेल्या जुन्या संभाव्यता चुकल्या होत्या, कारण ज्योतीचे तापमान आणि तीतील अणूंची संख्या दोन्ही नेमकी ठाऊक असणे अवघड होते. दशकाअखेरीस नवी मोजमापे आली आणि ही तफावत मिटली.

उत्तेजित अवस्था सरासरी किती टिकते, म्हणजे तिचे आयुर्मान, मोजण्याची पद्धत मला म्हणूनच अधिक देखणी वाटते: तिला अणूंची संख्या लागतच नाही. निर्वात कक्षातील धातूच्या अणूंना लेझरच्या क्षणिक झोताने हव्या त्या अवस्थेत चढवायचे आणि त्यांचा प्रकाश कसा मंदावतो ते पाहायचे. समजा, आयुर्मान 10 नॅनोसेकंद निघाले. म्हणजे, त्याचा व्यस्त घेतला की, खाली उतरण्याच्या सर्व मार्गांची संभाव्यता मिळून सेकंदाला 10 कोटी. दुसऱ्या प्रयोगात, रेषांची सापेक्ष तीव्रता मोजणाऱ्या फूरिये वर्णपटमापकाने, एका रेषेचा वाटा 20 टक्के आढळला, तर तिची संभाव्यता 2 कोटी.

अडचण येते ती अगदी छोटा वाटा असलेल्या रेषांपाशी. सूर्यातल्या ठळक रेषा इतक्या गडद असतात, की अणू वाढले तरी त्यांची तीव्रता फारशी वाढत नाही. म्हणून मोजणीला क्षीण रेषाच घ्याव्या लागतात, आणि ज्या रेषेचा वाटा जेमतेम एखादा टक्का आहे, तिचाच वाटा प्रयोगशाळेत सर्वांत अनिश्चित असतो.