4 मिनिटं 37 सेकंद

15 फेब्रुवारी 2021, मध्यरात्र उलटून दोन वाजत आले होते. कडाक्याच्या थंडीत गारठलेल्या अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या वीज नियंत्रण कक्षात पडद्यावरचा एक आकडा घसरत चालला होता. तिथल्या ग्रिडची, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, फ्रिक्वेन्सी (विजेची दर सेकंदाची आवर्तनं) 60 हर्ट्झ असायला हवी. ती 59.4 च्या खाली गेली आणि 59.3 पर्यंत उतरली. फरक एका हर्ट्झहूनही कमी, घरातल्या दिव्याकडे बघून तो कळणारही नाही. ग्रिड चालवणाऱ्यांना मात्र अशा आकड्यानं घाम फुटतो.

वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणं अवघड असतं. ज्या क्षणी जितकी मागणी असेल, त्याच क्षणी तितकं उत्पादन व्हावं लागतं. ग्रिडला जोडलेली सगळी मोठी जनित्रं एकाच तालात फिरत असतात, त्यामुळे मागणी वरचढ झाली की ती सगळीच एकदम किंचित मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी उतरते. त्या मंद गतीवर फार वेळ फिरलं तर टर्बाइनच्या पात्यांना हानिकारक कंप सुटू शकतो. म्हणून ठरावीक मर्यादेनंतर वीज केंद्र स्वतःला ग्रिडपासून तोडून घेतं. टेक्सासमध्ये ही मर्यादा होती 59.4 च्या खाली सलग 9 मिनिटं. एक केंद्र तुटलं की उरलेल्यांवर भार येतो, फ्रिक्वेन्सी आणखी पडते आणि पुढचं केंद्र तुटतं. त्या रात्री फ्रिक्वेन्सी 4 मिनिटं 23 सेकंद त्या रेषेखाली होती. भराभर भारनियमन करून, वस्त्याच्या वस्त्या अंधारात ढकलून ती वर आणली, तेव्हा हातात 4 मिनिटं 37 सेकंद उरली होती.

ती संपली असती तर काय? पुरतं बंद पडलेलं ग्रिड बटण दाबून सुरू होत नाही. वीज केंद्राचे पंप, पंखे आणि झडपा चालवायलाच आधी वीज लागते. त्यासाठी बाहेरच्या विजेशिवाय सुरू होऊ शकणारी काही केंद्रं राखून ठेवलेली असतात, त्यांना 'ब्लॅक स्टार्ट' केंद्रं म्हणतात. नंतरच्या सरकारी चौकशीत निघालं, की थंडीच्या त्या दिवसांत टेक्सासमधली अशी 80 टक्क्यांहून अधिक केंद्रं एकदा तरी अडली होती.

मला यातला सर्वांत बोलका भाग वाटतो तो गॅसचा. टेक्सासची बरीच वीज नैसर्गिक वायूवर तयार होते. वायूच्या विहिरी थंडीनं गोठल्या, पुरवठा घटला, वीज कमी पडली म्हणून भारनियमन सुरू झालं. आणि ज्या फीडरची (एकेका भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीची) वीज कापली, त्यांतल्या काहींवर वायू ढकलणारे कॉम्प्रेसरच चालत होते! ते थांबल्यावर केंद्रांना मिळणारा वायू आणखी घटला. ही जागा अत्यावश्यक आहे, इथली वीज तोडू नका, असं कळवण्यासाठी एक फॉर्म होता. अनेक वायू कंपन्यांनी तो भरलेलाच नव्हता. सुमारे 45 लाख घरांची वीज गेली. पाणीपुरवठा विस्कळीत होऊन 1 कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना द्यावी लागली. राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार 246 माणसं दगावली.

इतकी मोठी यंत्रणा उभी करणारे अभियंते कच्चे नसतात. मग गणित कुठे चुकतं? एक यंत्र बंद पडण्याची शक्यता शंभरात एक, दुसऱ्याचीही तितकीच, तर दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता दहा हजारांत एक. या गुणाकारावर सुरक्षिततेचे सगळे हिशेब उभे असतात. पण दोन्ही यंत्रं आपापल्या वेगळ्या कारणांनी बिघडत असतील, तरच हा गुणाकार चालतो. टेक्सासमध्ये वायूच्या विहिरी, पवनचक्क्या आणि कोळशाची केंद्रं एकाच थंडीनं गारठली. एक अणुभट्टीसुद्धा बंद पडली, तीही पाण्याचा दाब मोजणारी एक बारीक नळी गोठल्यामुळे.

कारण एकच होण्यासाठी थंडीच पडावी लागते असं नाही. सगळ्यांनी एकच वस्तू वापरली तरी तेच होतं. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. सॉफ्टवेअरकडे 20 नोंदींची तयारी होती, नवी फाइल 21 वी नोंद मागत होती. ती शोधायला प्रोग्रॅम मेमरीत नको तिथे गेला आणि विंडोज कोसळलं. कंपनीनं 78 मिनिटांत चूक मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख संगणक निळा पडदा दाखवत बसले होते. बंद पडलेल्या संगणकाला इंटरनेटवरून दुरुस्ती पोचवायची कशी? बहुतेक ठिकाणी माणसानं एकेका यंत्रापाशी जाऊन, ते सेफ मोडमध्ये सुरू करून ती फाइल पुसली. जगातल्या विंडोज संगणकांपैकी हे 1 टक्काही नव्हते. पण नेमके विमानतळांवर, रुग्णालयांत आणि बँकांत हेच बसवलेले होते.

शेतीला हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत संकरित मक्याचं बियाणं तयार करताना मादी ओळीतल्या मक्याचे तुरे हातानं खुडावे लागत. ती मजुरी वाचावी म्हणून ज्याला परागच येत नाहीत असा वाण वापरात आला. त्याचं मूळही टेक्सासमध्येच सापडलं होतं, हा निव्वळ योगायोग. 1970 पर्यंत अमेरिकेतल्या सुमारे 85 टक्के मक्यात हाच गुण उतरला होता. पराग न येण्याला कारणीभूत असलेल्या जनुकीय बदलामुळेच हा मका एका बुरशीच्या विषाला बळी पडत होता. त्या वर्षी देशातलं सुमारे 15 टक्के पीक गेलं. साध्या मक्याचं बियाणं जपून ठेवलेलं होतं, म्हणून पुढच्या हंगामांत मागे फिरता आलं. तुरे खुडणारे मजूर पुन्हा कामाला लागले.

हे वाचून 'जुनं ते सोनं' म्हणायचा मोह होत असेल, तर जरा थांबा. जुन्या काळी एका भागातलं पीक बुडालं की तिथली माणसं मरत. आज धान्य दुसरीकडून येतं, वादळाची सूचना आधी मिळते. शतकभरात लोकसंख्या कितीतरी पटींनी वाढूनही हवामानाच्या आपत्तींत मरणाऱ्यांची संख्या खूप उतरली आहे. जोडलेलं जग लहान धक्के वाटून घेऊन पचवतं, हे खरंच. पण धक्का एका मर्यादेपलीकडे गेला की ज्या वाटांनी मदत यायची, त्याच वाटांनी संकट पसरतं. 2010 च्या उन्हाळ्यात रशियात गहू होरपळला, सरकारनं निर्यात बंद केली आणि गव्हाचे भाव दूरदूरच्या देशांत भडकले.

हवामान बदल या सगळ्याला आणखी धार लावतो. धरणाचा सांडवा, पुलाची उंची, नाल्याचा व्यास हे सगळं मागच्या नोंदींवरून ठरतं. 'शंभर वर्षांतला पूर' म्हणजे दर वर्षी 1 टक्का शक्यता असलेला पूर. पण तापमान 1 अंश सेल्सियसनं वाढलं की हवा सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे जुन्या पावसाच्या नोंदी पुढच्या पावसाबद्दल पूर्वीइतक्या भरवशानं बोलत नाहीत.

पनामा कालव्याचं उदाहरण घ्या. तिथं जहाजं समुद्रसपाटीपासून सुमारे 26 मीटर वर उचलली जातात, तीही गाटून तलावाच्या गोड्या पाण्यावर. एक जहाज पार करताना सुमारे 20 कोटी लिटर पाणी समुद्रात जातं आणि पनामा सिटीलाही पिण्याचं काही पाणी याच तलावातून मिळतं. 2023 मध्ये एल निनोमुळे पाऊस कमी पडला, तेव्हा रोजची छत्तीसच्या आसपास असणारी जहाजं वर्षाअखेर 22 वर आली. त्याच सुमारास तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हूती बंडखोरांचे हल्ले सुरू झाले आणि सुएझची वाट टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. या दोन संकटांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, तरी दोन्ही कालवे एकदम अडले.

उपाय ठाऊक नाहीत असं नाही. अपडेट आधी थोड्या संगणकांवर चालवून पाहायचं, वेगवेगळे वाण राखायचे, ग्रिडच्या भागांना बेटांसारखं वेगळं पडता येईल अशी सोय ठेवायची. सगळ्यांना खर्च आहे आणि ताळेबंदात तो वायफळ दिसतो. वर्षानुवर्षं पडून राहणारा राखीव ट्रान्सफॉर्मर ठेवणाऱ्या व्यवस्थापकाला बढती मिळाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतानं तो खर्च केला, पण ठेच लागल्यावर. 13 मार्च 1989 रोजी सौर वादळानं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हादरलं, लांबलचक तारांमधून नको ते प्रवाह वाहू लागले आणि तिथलं ग्रिड सुमारे दीड मिनिटात कोसळलं. 60 लाख लोक नऊ तास विजेविना होते. त्यानंतर तिथल्या वीज कंपनीनं वाहिन्यांवर असे प्रवाह अडवणारे कपॅसिटर बसवले आणि संरक्षक यंत्रणांच्या मर्यादा नव्यानं ठरवल्या. मे 2024 मध्ये दोन दशकांतलं सर्वांत मोठं सौर वादळ आलं, तेव्हा क्वेबेकचं ग्रिड चालू राहिलं.