वाइन, ‘वाइन शॉप’ आणि फायलीत राहिलेला निर्णय

सुपरमार्केटमध्ये वाइन मिळणार का, हा प्रश्न अधूनमधून पुन्हा वर येतो. त्याचं मूळ महाराष्ट्र सरकारच्या 27 जानेवारी 2022 च्या मंत्रिमंडळ निर्णयात आहे. 1000 चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये एक वेगळं कुलूपबंद कपाट ठेवायचं आणि त्यातून वाइन विकायची, एवढीच ती परवानगी. शाळा किंवा देऊळ जवळ असेल तर नाही. वर्धा, गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांत तर नाहीच. कोपऱ्यावरच्या वाण्याचा त्यात कुठे संबंध नव्हता. तरी ‘किराणा दुकानात दारू’ हेच शब्द लोकांच्या तोंडी बसले.

ते का बसले, हे समजायला आपल्या रस्त्यांवरच्या पाट्या बघाव्यात. महाराष्ट्रात ज्या दुकानावर ‘वाइन शॉप’ लिहिलेलं असतं, तिथे गिऱ्हाईक मागतं ती रमची किंवा व्हिस्कीची क्वार्टर. खरी वाइन असलीच तर वरच्या फळीवर, धूळ खात, ट्यूबलाइटखाली उभी. ज्या पेयाला अंधार आणि गारवा लागतो, ते तिथे महिनोन्‌महिने तापत राहतं. अशा पाट्या वाचत मोठ्या झालेल्या माणसाला वाइन म्हणजे दारूच वाटणार. त्यात त्याची काय चूक?

यावर सत्ताधाऱ्यांकडून उत्तर आलं की वाइन म्हणजे दारू नव्हे. माझ्या मते निर्णयाचं सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्यानं केलं. वाइनमध्ये साधारण 12 ते 14 टक्के अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या 42.8 टक्क्यांपुढे ते कमी आहे, पण आहे ते मद्यच. आपल्याकडे गावोगावच्या बायकांनी ‘उभी बाटली की आडवी बाटली’ असं मतदान घडवून आणून दुकानं बंद पाडली आहेत. त्यांना ‘ही दारू नाहीच’ असं सांगणं उर्मटपणाचं होतं. हे मद्य आहे, पण शेतातून येणारं आहे, असं सरळ सांगितलं असतं तर निदान बोलणं पुढे गेलं असतं.

सरकारी दप्तरातही वाइन दोन खणांत आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली ती मद्य आहे, तर 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात तिला शेतमालावरचा प्रक्रिया उद्योग मानलंय. त्याआधी, ऐंशीच्या दशकात, नारायणगावला फेसाळ वाइन तयार होऊ लागली होती, पण नाशिकचा शेतकरी मोठ्या संख्येनं यात उतरला तो 2001 नंतर. अबकारी शुल्कात सूट मिळाली, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क उभे राहिले.

वाइनचं द्राक्ष हातात घेतलं की या शेतकऱ्याची अडचण कळते. मणी बारीक, साल जाड आणि आत बी. थॉमसन, म्हणजे बाजारातलं बिनबियांचं द्राक्ष, खाणारा माणूस ते दोन मण्यांनंतर बाजूला ठेवेल. बाजार समितीत त्याला गिऱ्हाईक नाही, त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. वायनरीनं, म्हणजे वाइन बनवणाऱ्या कारखान्यानं, ‘यंदा नको’ म्हटलं की माल वेलीवरच. 2008 नंतर हेच झालं. जगभर मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. टाक्या आधीच्या हंगामाच्या वाइननं भरलेल्या, त्यामुळे नवीन द्राक्ष घ्यायला कोणी तयार नाही. अनेक वायनऱ्या बंद पडल्या आणि शेतकऱ्यांनी शिराझ, शेनिन या वाइनच्या द्राक्षांच्या बागांवर कुऱ्हाड चालवली. तेव्हापासून हा धंदा विक्रीची जास्त ठिकाणं मागतोय. 2022 च्या कपाटाची गरज इथून आली, आणि चर्चेत नेमकं हेच कुठे ऐकू आलं नाही.

पुढे हरकती मागवल्या गेल्या, राळेगणसिद्धीतून उपोषणाचा इशारा आला, जूनअखेर सरकार बदललं आणि निर्णय फायलीतच राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात नाशिकच्या एका वाइन कंपनीचे शेअर बाजारात आले. जानेवारी 2024 मध्ये राज्यानं वाइनवरच्या 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के उत्पादकांना परत देण्याची योजना पाच वर्षांसाठी पुन्हा सुरू केली. तिच्यावर फारसा कोणी आवाज केला नाही. दरम्यान नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनऱ्यांकडे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. लोक चव घेतात, जेवतात, दोन बाटल्या घेऊन परततात. वायनरीच्या दारातल्या या विक्रीला कोणाची हरकत नाही.

शेतकऱ्याचा हिशेब मात्र एप्रिलच्या खरड छाटणीला, म्हणजे नव्या हंगामासाठी वेल छाटताना, होतो. वायनरीचा करार हातात असेल तर वेल ठेवायचा, नसेल तर उपटून तिथे थॉमसन लावायचं.