सानिया मिर्झाची कारकीर्द आणि लंडन ऑलिम्पिकचा जोडीचा तिढा

टेनिसपटू सानियाचा जन्म मुंबईचा, घडण हैदराबादची. २००५मधली अमेरिकन ओपनची चौथी फेरी आणि ऑगस्ट २००७मधला एकेरीतला २७वा क्रमांक बहुतेकांना ठाऊक आहेच. २००८मध्ये उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली आणि २०१३मध्ये तिने एकेरी सोडली. तिचा फोरहँड मनगटाच्या झटक्यावर चालायचा. दुहेरीत निम्मेच कोर्ट सांभाळायचे, रॅली आखूड, त्यामुळे ते हत्यार शाबूत राहिले.

या कारकिर्दीचा आढावा घेताना २०१२चे लंडन ऑलिम्पिक सहसा ‘पुरुष खेळाडूंचे भांडण’ म्हणून उरकले जाते. प्रत्यक्षात त्या भांडणाची किंमत सानियाने मोजली, आणि ती कशी, हे नियम पाहिल्याशिवाय कळत नाही.

ऑलिम्पिकमध्ये पुरुष दुहेरीत एका देशाच्या जास्तीत जास्त दोन जोड्या. ११ जूनच्या क्रमवारीत दुहेरीच्या पहिल्या दहांत असलेल्याला थेट प्रवेश होता. भारताच्या ज्येष्ठ लिएंडर पेसकडे तो हक्क होता, पण महेश भूपती आणि रोहन बोपण्णा या उरलेल्या दोघांनी त्याच्यासोबत उतरायला साफ नकार दिला. सानिया पहिल्या दहांत नव्हती, त्यामुळे तिची महिला दुहेरी वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी क्रमवारीबाहेर दिलेल्या खास प्रवेशावर, अडकली होती. मिश्र दुहेरीत तर तिथे आधीच एकेरी किंवा दुहेरीत दाखल असलेल्यांनाच उतरता येते. म्हणजे वाइल्ड कार्ड नाही, तर मिश्रही नाही. पदकाच्या ताकदीची भारताची एकच महिला, आणि तिच्या बाजूची जागा प्रत्येकाला हवी.

राष्ट्रीय संघटनेने पुरुषांच्या दोन वेगळ्या जोड्या पाठवल्या. पेसच्या वाट्याला नवखा जोडीदार आला आणि मिश्र दुहेरीत सानिया पेसला देण्यात आली. क्रमवारीत तो भूपतीच्या वर होता, हे खरे. पण त्याच जून महिन्यात सानियाने भूपतीसोबत फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली होती, २००९ची ऑस्ट्रेलियन ओपनही याच जोडीची. मिश्रमध्ये सर्व्हिसला नेटवर कोण सरकणार, मधल्या चेंडूवर कोण जाणार, हे बोलून ठरवायला वेळ नसतो. त्यातून लंडनला फक्त सोळा जोड्यांचा ड्रॉ, दोन सामन्यांत उपांत्य फेरी. तिथे मुरलेली जोडी मोडणे हा टेनिसचा निर्णय नव्हता. नाराज पेसला शांत करण्यासाठी आपल्याला आमिष म्हणून पुढे केले, असे सानियाने जाहीर निवेदनात म्हटले. तरीही ती खेळली. उपांत्यपूर्व फेरीत पुढे सुवर्ण जिंकलेल्या बेलारूसच्या जोडीने त्यांना ५-७, ६-७ असे हरवले.

पुढच्या तीन-चार वर्षांत तिने जे केले ते भारतीय महिला टेनिसमध्ये आधी कोणी केले नव्हते. २०१५मध्ये मार्टिना हिंगिस या स्विस जोडीदारासोबत इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन अशी ओळीने तीन विजेतेपदे आली आणि १३ एप्रिलला ती दुहेरीत अव्वल ठरली. दुहेरीची क्रमवारी जोडीची नसते, प्रत्येकीचे गुण स्वतंत्र मोजतात. त्यामुळे ‘जोडीदारामुळे पहिली’ हा शेरा पोकळ आहे. सानिया उजव्या बाजूला, म्हणजे कोर्टाची बाहेरची कड तिच्या फोरहँडला. हिंगिस डावीकडे, बॅकहँड आणि नेट सांभाळायला. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या सेटमध्ये दोघी २-५ने मागे होत्या. ५-५ झाल्यावर अंधारामुळे छप्पर बंद करावे लागले, आणि परतल्यावर त्यांनी सेट ७-५ असा घेतला. त्याच वर्षी अमेरिकन ओपन, जानेवारी २०१६मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन, सलग ४१ विजय. सानियाचे अव्वल स्थानावरचे एकूण आठवडे ९१.

२०१८मध्ये मुलगा झाला, जानेवारी २०२०मध्ये परतताच होबार्टची दुहेरी जिंकली. २०२२ हा शेवटचा हंगाम असे जाहीर केले होते, पण ऑगस्टमध्ये कोपर दुखावल्याने अमेरिकन ओपन हुकली आणि निवृत्ती पुढे गेली. जानेवारी २०२३मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनच्या मिश्र दुहेरीची अंतिम फेरी, २१ फेब्रुवारीला दुबईत शेवटचा सामना. निरोपाचा प्रदर्शनीय सामना ५ मार्चला हैदराबादेत झाला. त्याच दुपारी मुंबईत ब्रेबॉर्नवर, ती मार्गदर्शक असलेला बंगळुरूचा महिला क्रिकेट संघ आपला पहिला सामना खेळत होता.