ब्रॅम्ली (स्वयंपाकाचं सफरचंद)

ब्रॅम्ली हे इंग्लंडमधलं शिजवून खायचं सफरचंद. हिरवं, थोराड, जरा बेढब, कच्चं चावलं तर दात आंबतात. पण पातेल्यात झाकण ठेवून शिजवलं की फोडी विरघळून फेसाळ मऊ गर होतो आणि आंबटपणा तसाच राहतो, म्हणून तिकडे ॲपल पाय नि क्रंबलला हेच लागतं.

१८०९ मध्ये नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेलला मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने बिया लावल्या, त्यातून हे झाड झालं. १८४६ ला ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाने घेतलं, मग १८५६ मध्ये रोपवाटिकेवाला हेन्री मेरीवेदर कलमाला काड्या मागायला आला तर ब्रॅम्ली म्हणाला ने, पण नाव माझं लागलं पाहिजे. झाड लावलं मुलीने, नाव घरमालकाचं! मूळ झाड १९०० मध्ये वादळात आडवं झालं आणि पडल्या खोडातूनच परत उभं राहिलं.

बी पेरून ब्रॅम्ली मिळत नाही, कलमच आणायचं. परस लहान असेल तर एम ९ किंवा एम २६ या बुटक्या खुंटावरचं बघा (खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात तो मुळांचा खालचा भाग, त्यावर झाडाची उंची ठरते), एम २५ वरचं झाड इतकं वाढतं की शिडीसुद्धा पुरत नाही (एम ९ ला मात्र कायमचा आधाराचा खांब लागतो). लावताना कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवा, नाहीतर वरच्या भागालाच मुळं फुटतात आणि बुटका खुंट घेतल्याचा उपयोग शून्य.

लोक फसतात ते परागीभवनात. ब्रॅम्लीत गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे त्याचा पराग जवळजवळ निकामी, त्यामुळे जोडीला एक नाही, दोन वेगळ्या जाती हव्यात, उदा. जेम्स ग्रीव्ह आणि डिस्कव्हरी, म्हणजे त्या एकमेकींनाही फळवतात. शेजाऱ्याकडे असली तरी चालतं, मधमाशीला कुंपण नसतं.

छाटणी हिवाळ्यात, पण हात आवरून. बरीच फळं काडीच्या टोकाला धरतात. टोकाची कळी गुबगुबीत आणि लवदार दिसली तर ती फळाची, बारीक आणि काडीला चिकटलेली असली तर पानाची. सगळी टोकं उडवलीत तर पुढच्या वर्षी फक्त पाला.

फळ ऑक्टोबरच्या सुमारास तळहातावर उचलून हलकंच फिरवायचं, तयार असेल तर देठासकट सुटतं. कागदात गुंडाळून गार जागी ठेवलं तर मार्चपर्यंत टिकतं. पुण्यामुंबईत हे लावू नका, त्याला खरी थंडी लागते. ब्रिटनमध्ये राहत असाल आणि कैरी मिळत नसेल तर याचा मेथांबा करून बघा, फक्त लवकर उतरवा, नाहीतर लापशी होते.